मोबाइलवरील पाळत आणि कौटुंबिक हिंसाचार

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम संसदेने २००५ साली संमत केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. मोबाइल त्या वेळी घरोघरी पोचलेला नव्हता. तरीदेखील अधिनियमाच्या कलम १८ मध्ये संरक्षण आदेशाचे स्वरूप सांगताना, प्रतिवादीने पीडित महिलेशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, दूरध्वनीद्वारे किंवा इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे कोणताही संपर्क साधू नये असे बंधन दंडाधिकाऱ्यांना घालता येईल, अशी तरतूद करण्यात आली. कायदा करणाऱ्यांच्या नजरेपुढे तेव्हा धमकीचे दूरध्वनी आणि फार तर संगणकावरून येणारी पत्रे असावीत. आज परिस्थिती पालटली आहे. छळ करणाऱ्या व्यक्तीला आता संपर्क साधण्याचीही गरज उरलेली नाही. पीडित महिला कोठे आहे, कोणाशी बोलली, कोणत्या कार्यालयात जाऊन आली, तिच्या खात्यात किती रुपये शिल्लक आहेत, हे सारे तिच्या नकळत जाणून घेण्याची सोय तिच्याच हातातील फोनमध्ये झाली आहे.

शासकीय यंत्रणेने या गोष्टीकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. संरक्षण अधिकारी, पोलीस, आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक हे जे कोणी तिला साहाय्य करू इच्छितात, त्यांचा प्रत्येक फोन आणि प्रत्येक निरोप याच साधनातून तिच्यापर्यंत जातो. तो प्रथम कोण वाचतो याची खात्री करून न घेता पाठविलेला निरोप, मग तो कितीही सद्‌हेतूने पाठविलेला असो, तिला त्याच रात्री मारहाणीच्या तोंडी देऊ शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वी विवाहित असलेल्या सुमारे २९ टक्के महिलांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या महिलांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. स्वतःला वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के महिलांकडे होता. इंटरनेटचा वापर कधी ना कधी केलेल्यांचे प्रमाण महिलांमध्ये ३३ टक्के, तर पुरुषांमध्ये ५७ टक्के आढळले. हे आकडे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे घरातील चित्र उभे राहते. फोन बहुधा पुरुषाने आणलेला असतो, सिमकार्ड त्याच्या नावावर असते, फोन प्रथम सुरू करून देणाराही तोच असतो. ज्या थोड्या महिला मदत मागण्याचे धाडस करतात, त्यांचे ते धाडस अशा परक्याच्या ताब्यातील साधनावर अवलंबून राहते.

फोन कोणाच्या नावाचा?

पाळत म्हटली की एखादे गुप्त यंत्र किंवा हेरगिरी करणारे अ‍ॅप डोळ्यांपुढे येते. तशी अ‍ॅप आहेत, आणि त्यांविरुद्ध काम करणाऱ्या संस्था व संगणक-सुरक्षा कंपन्या यांनी २०१९ साली एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय आघाडीही स्थापन केली आहे. तथापि गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपले लक्ष प्रथम साध्या गोष्टींकडे वळवावे. घरातल्या माणसाला पाळत ठेवण्यासाठी बहुतेक वेळा कोणत्याही खास अ‍ॅपची आवश्यकता पडत नाही. फोनच्या नेहमीच्या सोयीच त्याला पुरेशा होतात.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे फोनमध्ये नोंदविलेले गूगल खाते. नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना बहुधा एक खाते दिले जाते. पत्नीच्या फोनमध्ये पतीने आपले खाते घातले, अथवा तिच्या नावाने खाते उघडून त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवला, की त्या फोनमधील नावे व क्रमांक, त्या खात्यात साठविण्याची सोय चालू असल्यास छायाचित्रे, इंटरनेटवर शोधलेल्या विषयांची नोंद आणि फोन सध्या कोठे आहे याचा नकाशा, हे सारे दुसऱ्या फोनवर बसून पाहता येते. हरवलेला फोन शोधण्यासाठी केलेली सोय येथे माणूस शोधण्यासाठी वापरली जाते. यात फोनमध्ये काहीही ‘घुसवलेले’ नसल्यामुळे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तपासणी केली तरी काही सापडत नाही, आणि महिलेला आपलाच संशय खोटा वाटू लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीतही असेच आहे. एका क्रमांकाचे खाते मुख्य फोनखेरीज आणखी चार साधनांवर चालविता येते. त्यासाठी दुसऱ्या साधनावर दिसणारी चौकोनी सांकेतिक आकृती मुख्य फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरावी लागते. महिला स्वयंपाकात असताना किंवा झोपेत असताना अर्धा मिनिट फोन हाती आला तरी हे काम होते. त्यानंतर तिला येणारा प्रत्येक संदेश दुसरीकडेही उमटत राहतो. जोडलेल्या साधनांची यादी त्याच अ‍ॅपच्या मांडणीत पाहता येते व अनोळखी साधन तेथून तोडता येते. मात्र तोडताच पलीकडच्याला ते कळते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. याचा विचार पुढे केला आहे.

नकाशावर आपला ठावठिकाणा दुसऱ्याला सतत दिसत राहील अशी सोय एकदा चालू केली की ती बंद करेपर्यंत चालूच राहू शकते. दुचाकीला चोरीच्या भयाने बसविलेले ठावठिकाणा दर्शविणारे यंत्र हाही एक प्रकार. चावीला किंवा सामानाला लावण्याची नाण्याएवढी शोधयंत्रे २०२१ नंतर सर्वत्र मिळू लागली. त्यांचा गैरवापर होऊ लागल्यावर, अनोळखी शोधयंत्र सोबत फिरत असल्यास फोनवर सूचना यावी, अशी व्यवस्था अ‍ॅपल व गूगल या कंपन्यांना करावी लागली. पिशवी, मुलाचे दप्तर व गाडीची डिकी एकदा हाताने चाचपून पाहणे केव्हाही चांगले.

याहून सूक्ष्म अशी पाळत पैशाच्या मार्गाने होते. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ हा कौटुंबिक हिंसाचाराचाच प्रकार मानला आहे. महिलेच्या बँक खात्याला पतीचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर तिने शंभर रुपये काढले तरी त्याची वर्दी त्याच्या फोनवर जाते. फोनवरून पैसे दिले असतील तर दुकानदाराचे नाव आणि वेळही कळते. तालुक्याच्या गावी असलेल्या वकिलाला किंवा एखाद्या लॉजला दिलेले पैसे म्हणजे तिच्या बेताचा जाहीरनामाच होय. आधारला जोडलेला क्रमांक पतीचा असल्यास सांकेतिक अंक त्याच्याकडे जातात, आणि शासकीय योजनेचा अर्जही त्याच्या संमतीवाचून पुढे सरकत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसारख्या योजनांची रक्कम आधार-संलग्न खात्यात जमा होते. खाते तिचे, परंतु त्याचे दार उघडणारा क्रमांक दुसऱ्याचा, अशी स्थिती अनेक घरांत असणार हे उघड आहे.

आधारमधील मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी जुन्या क्रमांकावरील सांकेतिक अंकांची गरज नसते. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिल्यावर व अल्प शुल्क भरल्यावर तो बदलता येतो. स्वतंत्र बँक खाते उघडल्यास ते आधारशी नव्याने जोडून घ्यावे लागते. थेट लाभाची रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. या दोन साध्या गोष्टींची माहिती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात उपलब्ध असेल तर कितीतरी महिलांचे काम होईल. परंतु क्रमांक बदलल्याची वार्ता घरी पोचू शकते हे गृहीत धरूनच त्याची वेळ ठरवावी लागते.

आता प्रत्यक्ष हेरगिरी करणाऱ्या अ‍ॅपविषयी. असे अ‍ॅप बसविण्यासाठी बहुधा फोन काही वेळ हाती यावा लागतो. ते बसल्यावर संदेश, संभाषणे, छायाचित्रे, टंकलिखित मजकूर यांची नक्कल बाहेर जाऊ शकते. बॅटरी लवकर संपणे, फोन तापणे, इंटरनेटचा साठा अकारण उतरणे ही त्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात. जुन्या फोनमध्ये ती एरवीही दिसतात, म्हणून त्यांवर फार भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा विश्वसनीय खूण निराळी आहे. जी गोष्ट त्याला कळण्याचे काहीच कारण नव्हते ती त्याला वारंवार कळते काय, हे महिलेला विचारावे. याचे उत्तर ‘होय’ असेल तर अ‍ॅप सापडो वा न सापडो, फोन सुरक्षित नाही असेच धरून चालावे.

क्रम महत्त्वाचा

मोबाइल सुरक्षिततेविषयी सर्वसाधारण नागरिकाला जो उपदेश केला जातो, तो असा: पासवर्ड तात्काळ बदला, अनोळखी अ‍ॅप काढून टाका, ठावठिकाणा दाखविण्याची सोय बंद करा. परका चोर असेल तर हा उपदेश योग्यच आहे. चोराला दार बंद झाल्याचे कळले तर तो दुसऱ्या घराकडे वळतो. पीडित महिलेच्या बाबतीत ज्याच्यासाठी दार बंद करावयाचे तो त्याच घरात राहतो. काल दिसणारा ठावठिकाणा आज दिसेनासा झाला, रोज उघडणारे खाते उघडेना, की त्याला दोन गोष्टी एकाच वेळी कळतात. पाळत तिच्या लक्षात आली आहे, आणि ती काहीतरी करण्याच्या बेतात आहे. नियंत्रण हातून सुटत आहे असे वाटण्याची हीच वेळ सर्वांत धोक्याची असते. महिला घर सोडण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही काळात हिंसेचा धोका वाढतो, हा या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांचा अनुभव आहे.

म्हणून सल्ला देणाराने उतावीळ होऊ नये. ज्या फोनवर पाळत असल्याचा संशय आहे तो काही काळ जसाच्या तसा चालू ठेवावा. त्यावरून नेहमीचीच बोलणी व्हावीत, भाजीचे, मुलांच्या शाळेचे, माहेरच्या खुशालीचे निरोप जावेत. मदतीसंबंधीचा सारा व्यवहार मात्र दुसऱ्या साधनावरून करावा. हे दुसरे साधन म्हणजे नवा फोनच असला पाहिजे असे नाही. घरात सापडलेला लपविलेला फोन हे स्वतःच भांडणाचे कारण होते. शेजारणीचा, मुख्याध्यापिकेचा, अंगणवाडी सेविकेचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेचा फोन अधिक बरा. गरोदर अथवा लहान मूल असलेल्या बाईने अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात जाणे यात कोणालाही नवल वाटत नाही, हा मोठाच फायदा आहे. त्या वेळी स्वतःचा फोन घरी ठेवून जाणेही इष्ट. नकाशावर ती घरीच दिसते.

महिलांसाठी असलेल्या १८१ या क्रमांकावर किंवा ११२ या तातडीच्या क्रमांकावर फोन केल्यास त्याची नोंद फोनमध्ये राहते. ती एक नोंद नंतर पुसता येते. सगळीच यादी कोरी करणे मात्र टाळावे. रोज भरलेली दिसणारी यादी एके दिवशी रिकामी दिसली तर संशय बळावतो. इंटरनेटवर खासगी पद्धतीने पाहणी केल्यास त्या फोनमध्ये पाहिलेल्या पानांची यादी उरत नाही. पण फोनमध्ये हेरगिरीचे अ‍ॅप असेल तर या खासगीपणाचा उपयोग होत नाही. दूरध्वनी कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा बिलावरून ज्याच्या नावावर सिम आहे त्याला केलेल्या फोनचा तपशील मिळण्याचा संभव असतो, तोही लक्षात घ्यावा. अमेरिकेत याच अडचणीवर २०२२ साली स्वतंत्र कायदा झाला असून, हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीने मागणी केल्यास तिचा क्रमांक कुटुंबाच्या सामाईक योजनेतून कामकाजाच्या दोन दिवसांत वेगळा करून देणे कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले आहे. आपल्याकडे स्वतःच्या नावाचे सिम घेणे हाच सरळ मार्ग आहे. आपल्या नावावर कोणकोणते क्रमांक चालू आहेत हे दूरसंचार विभागाने २०२३ साली सुरू केलेल्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या कागदपत्रांवर दुसऱ्यानेच सिम घेतलेले असल्यास तेही तेथे उघड होते.

महिला सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर, किंवा कायमची वेगळी राहू लागल्यावर, मग वर सांगितलेली सर्व दारे एकदम बंद करावीत. शक्य झाल्यास नवा फोन, नवे सिम आणि नवे खाते घ्यावे. जुन्या फोनमधील खाते नव्या फोनमध्ये नेल्यास जुनी पाळत नव्या घरी येते. नव्या खात्यांचे पासवर्ड मुलांची नावे, जन्मतारखा, कुलदैवत यांवरून ठेवू नयेत, कारण या गोष्टी त्याला तिच्याइतक्याच ठाऊक असतात. बँक, ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावावी. मुलांच्या हातातील जुना फोन किंवा टॅब सर्वांत शेवटी आठवतो, आणि नेमका तोच वडिलांच्या खात्याला जोडलेला असतो.

कार्यालयाची जबाबदारी

आतापर्यंतचे विवेचन महिलेने काय करावे याविषयीचे झाले. तथापि तिच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आणि यंत्रणेच्या हातात असलेल्या अधिक आहेत. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि पुढे तो उपक्रम राज्यभर पसरला. सासरच्या पत्त्यावर पाठविलेले पत्र कोणाच्या हाती पडेल, हा विचार त्या काळीही करावा लागत असे. पत्राची जागा मोबाइलने घेतली, तेव्हा हा विचार वास्तविक अधिक व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात ‘तिच्या मोबाइलवर कळविले आहे’ असा शेरा मारून प्रकरण पुढे ढकलण्याची सोय झाली.

पहिल्या भेटीतच तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदवावीत. कोणत्या क्रमांकावर व कोणत्या वेळी फोन करणे सुरक्षित आहे? फोन दुसऱ्याने उचलल्यास काय सांगावयाचे? लेखी निरोप पाठवावा की नाही? दुसऱ्याने फोन उचलल्यास ‘लसीकरणाच्या तारखेविषयी’ किंवा ‘शिधापत्रिकेच्या कामासाठी’ असे आधीच ठरविलेले उत्तर द्यावे. कार्यालयाचे नाव सांगून ‘तुमच्या पत्नीने तक्रार केली आहे’ असे बोलून जाणारा कर्मचारी नकळत मोठा अनर्थ करतो. तिला परत फोन करताना कार्यालयाचा क्रमांक पडद्यावर नावासह उमटण्याचा संभव असतो, हेही विसरू नये.

अधिनियमाखालील २००६ च्या नियमांत पाचव्या नमुन्यात सुरक्षितता आराखडा दिलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याने पीडित महिलेशी विचारविनिमय करून तो तयार करावयाचा असतो. झालेल्या हिंसेचे प्रकार, त्यांचे परिणाम, पुढील भीती, सुरक्षिततेसाठी आवश्यक उपाय आणि न्यायालयाकडून हवे असलेले आदेश अशी त्याची रचना आहे. मोबाइल, बँक खाते व ठावठिकाणा यांवरील पाळतीची नोंद करण्यास या रचनेत पुरेपूर वाव आहे. त्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अशी नोंद असेल तर कलम १८ खाली संपर्कबंदीचा आदेश मागताना इलेक्ट्रॉनिक साधनांचा उल्लेख मोघम राहत नाही. तिच्या खात्यांत प्रवेश करू नये, तिचा ठावठिकाणा पाहू नये, नातेवाइकांच्या फोनवरून संदेश पाठवू नयेत, असे स्पष्ट आदेश मागता येतात. संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र असा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. आदेश जितका नेमका, तितका त्याचा भंग सिद्ध करणे सोपे.

याच नियमांत, महिलेची इच्छा असल्यास निवारागृहाने तिच्या वास्तव्याची माहिती उघड करू नये व प्रतिवादीला कळवू नये, असे सांगितले आहे. निवारागृहाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस या नियमाशी विसंगत आहे. छायाचित्रात चेहरा झाकलेला असला तरी मागची पाटी, ओळखीची साडी, मांडीवरचे मूल यांवरून ओळख पटते. गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत लाभार्थींच्या याद्या पत्ते, आधार क्रमांक व मोबाइल क्रमांकांसह फिरतात, त्याविषयीही हेच म्हणावे लागेल. माहेरी परतलेल्या बाईचे नाव नव्या गावच्या यादीत आले आणि ती यादी भावकीत फिरली, तर तिला शोधण्यास कोणत्याही हेरगिरीची गरज पडत नाही.

शाळेचा दाखला

मुलांसह घर सोडलेल्या आईचा ठावठिकाणा पुष्कळदा शाळेमार्फत उघड होतो. मुलाला नव्या शाळेत घालताना जुन्या शाळेकडे दाखल्याची मागणी जाते. मागणीपत्रावर नव्या शाळेचे नाव व गाव असते, आणि जुन्या शाळेतील लिपिक ते पालकांना सहजपणे सांगून टाकतो. वडील विचारू लागले तर त्यांना नकार कोणत्या आधारावर द्यावा, हा मुख्याध्यापकांपुढील प्रश्न खरोखरच अवघड आहे. वडील हेही पालक आहेत. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत शाळेच्या दफ्तरी ठेवावी व त्याप्रमाणे वागावे. आदेश नसेल तरी विचारणारास लेखी अर्ज करावयास सांगणे, तोंडी किंवा फोनवर माहिती न देणे, आणि आईला व संरक्षण अधिकाऱ्याला तसे कळविणे, एवढे तर प्रत्येक शाळेला करता येते. त्या दोन-चार दिवसांच्या अवधीचे मोल फार असते.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वडील असतील तर सहलीचे ठिकाण, सुटीची वेळ, वर्गात काढलेले छायाचित्र हे सर्व त्यांना मिळते. प्रवेश देतानाच आईने परिस्थिती सांगितली असेल तर त्या मुलाचे छायाचित्र गटात जाणार नाही, एवढी काळजी वर्गशिक्षकाने घ्यावी. त्याचे कारण इतर पालकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

कायदा व पुरावा

स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल अथवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे हा पाठलागाचा गुन्हा म्हणून २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-घ अन्वये दाखल झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत व त्यानंतरच्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलमाचा आरंभ ‘कोणताही पुरुष’ असा आहे. पतीला त्यातून वगळलेले नाही. ‘नवरा बायकोचा फोन पाहतो, यात गुन्हा कसला?’ असा प्रश्न पोलीस ठाण्यात विचारला गेल्यास या शब्दरचनेकडे लक्ष वेधावे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील तरतुदीही उपयोगी आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हे कलम ६६-ग खाली येते. खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय घेणे किंवा पाठविणे हे कलम ६६-ङ खाली, आणि लैंगिक कृत्याचा मजकूर प्रसृत करणे हे कलम ६७-क खाली येते. परवानगीवाचून फोनमध्ये प्रवेश करण्याविषयीच्या कलम ४३ मध्ये मात्र एक मेख आहे. त्यात परवानगी मालकाची किंवा साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याची अपेक्षित असल्यामुळे, फोनची पावती पतीच्या नावाची असेल तर वाद उपस्थित होतो. न्याय संहितेच्या कलम ७८ ला फोन कोणाच्या मालकीचा याच्याशी कर्तव्य नसल्याने तक्रारीत त्याचा आधार आवर्जून घ्यावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे घोषित केले. त्यानंतर १४ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, पती-पत्नींमधील गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतील, असा निर्णय दिला. या निर्णयाची बातमी वाचून ‘आता पत्नीच्या फोनवर पाळत ठेवण्यास मुभा मिळाली’ असा समज पसरू नये. दाव्यात कोणता पुरावा ग्राह्य आणि कोणते कृत्य अपराध, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कलम ७८ जागच्या जागी आहे.

पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी घाईने होते. भीतीपोटी किंवा संतापाने संदेश पुसले जातात; दुरुस्तीवाला फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा करून देतो, आणि हेरगिरीच्या अ‍ॅपबरोबर त्याचा पुरावाही नाहीसा होतो. धमकीचा संदेश आल्यास तो फोनमध्येच राहू द्यावा. दिनांक, वेळ व पाठविणाराचा क्रमांक दिसेल अशा रीतीने पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून विश्वासू व्यक्तीकडे ठेवावे. कोणत्या दिवशी काय घडले याची वही ठेवता आली तर उत्तम, पण ती घरात नको. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते व त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे प्रकरण सोपविताना मूळ फोन कोठे आहे हे प्रथम सांगावे.

खासगी छायाचित्रे पसरविण्याची धमकी देऊन महिलेला घरी परत आणण्याचे प्रकारही घडतात. अशा वेळी पैसे देऊन किंवा परत जाऊन धमकी थांबत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर महिला व बालकांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग असून तेथे नाव न देताही माहिती देता येते; पुढील तपास व्हावयाचा असेल तर मात्र नाव देणे सोयीचे. छायाचित्र समाजमाध्यमावर आलेच, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे महिलेने स्वतः किंवा तिच्या वतीने अन्य कोणी तक्रार करताच ठराविक तासांच्या आत ते हटविणे २०२१ च्या नियमावलीने बंधनकारक केले आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. छळाच्या तक्रारीसाठी तेथे वेळ दवडू नये.

येथे वृद्धांचाही ओझरता उल्लेख करणे आवश्यक आहे. आईवडिलांच्या फोनवरील बँकेचे व्यवहार मुलगा पाहतो, निवृत्तिवेतन कधी जमा झाले हे त्यांच्या आधी त्याला कळते, आणि त्याच्या अपरोक्ष त्यांना कोणाकडे दाद मागता येत नाही. त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा अधिनियम व १४५६७ हा साहाय्य क्रमांक आहे. सुरक्षित फोन कोणता, हा प्रश्न त्यांनाही विचारलाच पाहिजे.

मुलींच्या बाबतीत काही गावांत निराळाच उपाय सुचविला जातो. मोबाइलमुळे त्रास होतो, तर मोबाइलच काढून घ्यावा. ज्या मुलीचा फोन काढून घेतला तिच्या हातून १०९८ हा बालकांचा साहाय्य क्रमांकही जातो, आणि पुढच्या वेळी त्रास झाल्यास फोन जाईल या भीतीने ती घरी सांगेनाशी होते. ग्रामसभेपुढे असा ठराव आल्यास शिक्षकांनी ही बाजू मांडावी.

माहेरी किंवा परजिल्ह्यात गेलेल्या महिलेला तक्रारीसाठी सासरच्या पोलीस ठाण्यात परतण्याची आवश्यकता नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे. ही माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. विनामूल्य वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. सखी केंद्रांत वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस व कायदेविषयक साहाय्य आणि तात्पुरता निवारा एका ठिकाणी मिळतो. आपल्या जिल्ह्यातील सखी केंद्राचा पत्ता व संरक्षण अधिकाऱ्याचे नाव ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी व आरोग्य केंद्र येथे लावावे. आणि महिलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतील बाजूसही लावावे, कारण तो फलक वाचताना तिला कोणी पाहत नाही.